उडत्या शिकारी पक्ष्याचा फोटो दर वेळी सॉफ्ट येतोय? आधी डोळ्यातला ठिपका बघा

तक्रार नेहमीची आहे. घार असो, शिक्रा असो की गरुड, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी येऊन संगणकावर शंभर टक्के मोठा केला (म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर) की पिसं विरघळल्यासारखी दिसतात. मग पुढच्या खेपेला शटर स्पीड वाढवला जातो, त्याच्या पुढच्या खेपेला फोकसचा मोड बदलला जातो. तरीही दहातले आठ फोटो तसेच, आणि शेवटी महागड्या लेन्सचा विचार सुरू होतो.

माझं म्हणणं असं, की सेटिंगला हात लावण्याआधी बिघडलेला फोटो नीट वाचावा. या एका तक्रारीमागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येक कारण फोटोत आपली खूण सोडून जातं. ती खूण न बघता उपाय केला, तर एक कारण दूर करताना आपण दुसरं ओढवून घेतो. शटर स्पीड दुप्पट केला की आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) दुप्पट होतो, नॉइज म्हणजे दाणेदारपणा वाढतो, आणि मूळ दोष फोकसचा असेल तर तो जागच्या जागी राहतो.

आधी पडद्याचा गैरसमज मिटवू. कॅमेरा मागे जे दाखवतो ते रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये) दडवलेलं छोटं जेपेग असतं. त्यावर कॅमेऱ्याने स्वतःच शार्पनिंग आणि कॉन्ट्रास्ट चढवलेला असतो, शिवाय पडदा तळहातापेक्षा लहान. रॉ फाइल संगणकावर उघडली की हा साज उतरतो. त्यामुळे थोडासा सौम्यपणा हा दोष धरू नका, तो रॉचा स्वभाव आहे. काही सॉफ्टवेअर पहिले एक-दोन सेकंद कमी रिझोल्युशनचं चित्र दाखवतात आणि मग खरं चित्र येतं. ते यायच्या आत फोटो उडवू नका. जागेवरच खात्री करायची असेल तर पडद्यावर पक्ष्याचं डोकं शंभर टक्के मोठं करून बघायची सवय लावा. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यासाठी एक बटण नेमून देता येतं.

ठिपका काय सांगतो

शिकारी पक्ष्याचा डोळा मोठा, ओला आणि फुगीर असतो. उन्हात त्यात सूर्याचं प्रतिबिंब पडतं, टाचणीच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका. फोटो दोनशे टक्के मोठा करा आणि पिसं, पंख, शेपटी सगळं सोडून फक्त या ठिपक्याकडे बघा.

ठिपका बारीक आणि कडेने स्वच्छ असेल, तर फोकस बरोबर आहे आणि कॅमेराही हललेला नाही. अशा फोटोत पंखांची टोकं फिस्कटलेली दिसली तर ती केवळ पंखाच्या फडफडीची गती आहे. ठिपक्याची रेघ झाली असेल तर एक्स्पोजर चालू असताना पक्षी आणि कॅमेरा यांची जोडी सुटली. ठिपका पसरून फिकट गोल चकती झाली असेल तर फोकस दुसरीकडेच आहे. आणि ठिपका वेडावाकडा असेल, एकाच बर्स्टमधल्या (बटण दाबून धरून भराभर काढलेल्या फोटोंमधल्या) लागोपाठच्या फ्रेममध्ये त्याचा आकार बदलत असेल, तर दोष तुमच्यात नाही, कॅमेऱ्यातही नाही. मधली हवा तापलेली आहे.

कधी ठिपकाच सापडत नाही. गरुड आणि ससाण्यांच्या डोळ्यावर भुवईसारखा हाडाचा कंगोरा असतो, डोक्यावर ऊन आलं की डोळा त्याच्या सावलीत जातो. ढगाळ हवेतही ठिपका हरवतो. अशा वेळी चोचीच्या बुडाशी असलेली पिवळी त्वचा आणि काळी चोच जिथे मिळतात ती कड बघा, नाहीतर नखाचं टोक, किंवा पंखाच्या मोठ्या पिसांमधली दांडी. पोटाची पिसं बघून निर्णय देऊ नका. ती मुळातच लवदार असतात, उत्तम फोकसमध्येही त्यांना धार दिसत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना चकवते. बर्स्टमध्ये बाकी सगळं कातीव आणि डोळा मात्र दुधाळ, निळसर-पांढरा. तो फोकसचा दोष नसतो. पक्ष्यांना तिसरी पापणी असते, ती डोळ्यावरून आडवी सरकून त्याला पुसून घेते आणि तुमची फ्रेम नेमकी त्या क्षणी पडलेली असते. अलीकडची-पलीकडची फ्रेम घ्या, विषय संपला.

रेघ दिसत असेल तर

इथे थोडा हिशोब करू, कारण बहुतेकांचा भरवसा नुसत्या शटर स्पीडवर असतो. घार सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किमी वेगाने तुमच्यासमोरून आडवी चालली आहे. अंतर ३० मीटर, लेन्स ६०० मिमी. सेन्सरवर तिची प्रतिमा खऱ्या आकाराच्या पन्नासाव्या भागाएवढी पडते, म्हणजे प्रतिमा सेकंदाला २०० मिमी वेगाने सरकते. १/२००० सेकंदात ती ०.१ मिमी सरकेल. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर हे अंतर जवळपास २३ पिक्सेल होतं. १/४००० केलं तरी ११ पिक्सेल उरतातच. पण कॅमेरा पक्ष्याबरोबर नव्वद टक्के अचूक फिरला, तर १/२००० लाच उरते फक्त दोनेक पिक्सेलची सरक. म्हणजे मोठं काम शटरचं नाही, तुमच्या कमरेचं आहे.

रेघेची दिशा बघा. ती उडण्याच्या दिशेला समांतर असेल तर पॅनिंग, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं, मागे पडतंय किंवा पुढे धावतंय. रेघ उभी असेल तर शटरचं बटण दाबताना कॅमेऱ्याला हिसका बसतोय, किंवा हात थकलेत. मोठी लेन्स आणि कॅमेरा मिळून दोन-तीन किलोचं ओझं होतं. काही मिनिटं धरून ठेवलं की दंड भरून येतात आणि उभ्या रेघा सुरू होतात. हे ओळखता आलं की उपाय सोपा आहे: पक्षी लांब असताना कॅमेरा खाली ठेवा, किंवा ट्रायपॉडवर गिंबल हेड (लेन्सचा तोल सांभाळून तिला मोकळं फिरू देणारा जोड) लावा.

पॅनिंगसाठी पाय पक्षी आत्ता जिथे आहे तिकडे ठेवू नका, तो जिथून निघून जाणार आहे तिकडे रोखा. मग कमरेतून मागे वळा आणि पक्ष्याला घेऊन सुटा. ऐन मोक्याच्या क्षणी शरीर पिळातून मोकळं होत असतं आणि हालचाल गुळगुळीत होते. उलटं केलं तर नेमका पक्षी जवळ आल्यावर कंबर अडते. डावा हात लेन्सच्या खाली, जमेल तितका पुढे. कोपर बरगडीला टेकलेलं. बर्स्ट संपल्यावरही पक्ष्याचा माग क्षणभर चालू ठेवा. बोट उचलण्याबरोबर हात थांबतो तेव्हा शेवटच्या फ्रेम हमखास जातात.

शटर स्पीडचा अंदाज असा धरता येईल: पंख पसरून तरंगणारी घार किंवा गिधाड १/१२५० ते १/१६०० ला निभावतं. भरभर पंख मारणाऱ्या शिक्र्याला १/३२०० लागतो. झेप घेणाऱ्या ससाण्याला जितका मिळेल तितका द्या. बहिरी ससाण्याचा सूर ताशी ३०० किमीच्या पुढे जातो, तेव्हा तो चौकटीत राहिला हेच खूप.

स्टॅबिलायझरबद्दल, म्हणजे हाताची थरथर शमवणाऱ्या यंत्रणेबद्दल, वाद चालतात. नुसतं चालू की बंद असं विचारण्यापेक्षा कोणत्या मोडवर आहे ते बघा. पहिला मोड आडव्या हालचालीलाही थरथर समजून विरोध करतो, तिथे पॅनिंगचा किंवा क्रीडेचा मोड हवा. बर्स्टच्या पहिल्या दोन-तीन फ्रेम सॉफ्ट आणि नंतरच्या बऱ्या, असं वारंवार होत असेल तर स्टॅबिलायझर स्थिरावायच्या आत तुम्ही शटर दाबताय. जुन्या लेन्सना त्यासाठी अर्धा-एक सेकंद लागतो. अर्धवट दाबून थोडं थांबा, नाहीतर १/२००० च्या वर तो बंद करून बघा.

चकती दिसत असेल तर

माझ्या मते सर्वांत जास्त फोटो इथे जातात, आणि सर्वांत जास्त चुकीची औषधंही इथेच दिली जातात.

आधी फोकस कुठे गेलाय ते शोधा. मागची झाडं, डोंगर, गवत धारदार दिसतंय का? मग कॅमेऱ्याने पार्श्वभूमी पकडली. जवळच्या पंखाचं टोक धारदार आणि डोकं मऊ आहे का? मग फोकस पुढे राहिला. काहीच धारदार नाही, तर लेन्स पक्ष्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

हा शेवटचा प्रकार असा होतो: पक्षी अचानक येतो, लेन्स आधीच्या एखाद्या जवळच्या वस्तूवर थांबलेली असते. ६०० मिमी लेन्समध्ये तेवढ्या फरकाने लांबचा पक्षी इतका पसरतो की कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. कॅमेरा मग लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसतो आणि पक्षी निघून जातो. यावर दोन साध्या गोष्टी करा. लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकस किती अंतरांत शोधायचा ते ठरवणारी कळ) लांबच्या अंतरावर ठेवा. आणि पक्षी ज्या अंतरावर येण्याची शक्यता आहे तेवढ्या अंतरावरच्या झाडावर आधीच फोकस करून ठेवा, दर थोड्या वेळाने पुन्हा करा. झूम लेन्स असेल तर मागे घेऊन पक्षी शोधा, फोकस धरा आणि मग पुढे जा.

फोकस कंटिन्युअसवर (हलत्या लक्ष्यावर सतत जुळत राहणाऱ्या मोडवर) हवा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण बोट सतत दाबून धरायचं नसतं, हे कमी जणांना ठाऊक असतं. पक्षी लांब असताना एकदा फोकस धरा, सोडा, पुन्हा धरा. तो टप्प्यात आला की मगच दाबून ठेवा. यामुळे कॅमेऱ्याला दर वेळी ताजी सुरुवात मिळते. यासाठी फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर नेणं फार सोयीचं पडतं.

पार्श्वभूमी पकडली जात असेल तर ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटीची सेटिंग बघा. ती चिकट केली, म्हणजे मध्ये काही आडवं आलं तरी कॅमेरा आधीच्या लक्ष्याला धरून राहील असं केलं, की आभाळातून डोंगराच्या पुढ्यात उतरणारी घार सुटत नाही. पण हीच सेटिंग दुसऱ्या बाजूने घात करते. सुरुवातीलाच डोंगर पकडला गेला, तर कॅमेरा तितक्याच चिकाटीने डोंगराला धरून बसतो. लोक बोट न उचलता पक्ष्यावर चौकट नाचवत राहतात, आणि पूर्ण बर्स्टमध्ये डोंगर कातीव, घार धूसर. अशा वेळी बोट उचलायचं, चौकट पक्ष्यावर आणायची, पुन्हा दाबायचं. शक्य असेल तेव्हा पक्षी मोकळ्या आभाळावर असतानाच फोकस धरा आणि त्याला खाली येऊ द्या.

फोकसचं क्षेत्र किती मोठं ठेवायचं? मोकळ्या आभाळाला मोठं क्षेत्र बिनधास्त चालतं. गवताळ रानावर खालून उडणारा हॅरियर असेल तर लहान गट किंवा मधला बिंदू बरा. पक्ष्याचा डोळा ओळखणारे कॅमेरे आता सर्रास मिळतात आणि त्यांनी काम खरंच हलकं केलं आहे, पण चौकटीत पक्षी लहान असला की त्यांना डोळा सापडत नाही आणि ते धड किंवा पंखाची कड धरतात. तेव्हा डोळा ओळखणं चालू ठेवून क्षेत्र मात्र लहान ठेवा. दोन्ही एकत्र वापरता येतात.

आता पंखाचं टोक शार्प आणि डोकं मऊ हा प्रकार. ६०० मिमी, अॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा वाढला की ते लहान होतं) एफ ६.३, फुल फ्रेम, अंतर ३० मीटर असताना फोकसमध्ये राहणारी जाडी नेहमीच्या मापाने साधारण ९५ सेमी भरते. ऐकायला भरपूर वाटते. पण अंतर १५ मीटर झालं की ती २४ सेमीवर येते, आणि शंभर टक्के मोठं करून बघणाऱ्या डोळ्याला ती त्याहूनही कमी वाटते. घारीच्या पंखांचा विस्तार दीड मीटरच्या घरात असतो. ती वळताना तुमच्याकडे पंख करते तेव्हा पंखाचं टोक डोक्यापेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक पुढे असू शकतं. कॅमेऱ्याने टोक पकडलं तर डोकं बाहेर गेलंच. पक्षी जवळून जाणार असेल तर एफ ८ किंवा ९ करा आणि फोकसचा बिंदू पंखाच्या जोडाऐवजी मानेवर ठेवा. लांबच्या पक्ष्यासाठी मात्र अॅपर्चर लहान करून फार काही मिळत नाही.

पुष्कळ जण इथे लेन्सचं कॅलिब्रेशन बिघडलं असं ठरवून टाकतात. ते उडत्या पक्ष्यावरून ठरवता येत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून २५-३० मीटरवरचं एखादं बारीक नक्षीचं स्थिर लक्ष्य घ्या, झाडाची खडबडीत सालसुद्धा चालेल. आरशाचा डीएसएलआर असेल तर एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूवर फोकस करून तुलना करा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो सतत सरस येत असतील तर कॅमेऱ्याच्या मेनूतली फोकसची बारीक जुळवणी करावी लागेल. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, तिथे या दुरुस्तीची गरज सहसा पडत नाही. आणि लेन्सच्या तोंडावर संरक्षक फिल्टर असेल तर तो काढून पुन्हा चाचणी घ्या. लांब लेन्सवर साधा फिल्टर फोटोची धार मारतो, हे एकदा बघितलं की पुन्हा लावावासा वाटत नाही.

ठिपका थरथरत असेल तर

तापलेल्या हवेचा दोष ओळखायला एकच फ्रेम पुरत नाही. बर्स्टमधल्या सलग फ्रेम एकामागून एक पुढे-मागे करून बघा. हवेत एकाच जागी पंख मारत थांबलेली कापशी घार यासाठी फार चांगली, कारण हवेत थांबलेली असताना तिचं धड हलतं, पंख झडत असतात, पण डोकं जवळजवळ स्थिर राहतं. अशा फ्रेम बघताना पहिल्यात चोचीची वरची कड सरळ, दुसरीत तीच कड नागमोडी, तिसरीत डोळ्याला बाजूने शेपूट फुटलेलं, चौथीत पुन्हा ठीक, असं दिसलं तर खात्रीने समजा की मधे गरम हवेचे पट्टे वाहताहेत. शटर स्पीड वाढवून हे जात नाही, कारण प्रतिमा सरकत नसते, लेन्सपर्यंत पोहोचायच्या आतच मोडलेली असते. शार्पनिंगनेही जात नाही, उलट त्या लाटा ठळक होतात.

उपाय चार, चारही जागेचे आणि वेळेचे. सूर्य वर यायच्या आत काम करा. जमिनीला समांतर नेम धरण्यापेक्षा वर, आभाळाकडे धरा, म्हणजे तापलेल्या थरातून जाणारी वाट कमी होते. डांबरी रस्ता, कातळ, नांगरलेली कोरडी जमीन यांच्यावरून नेम धरू नका. आणि अंतर कमी करा. शंभर मीटरवरच्या पक्ष्यासाठी टेलिकन्व्हर्टर (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावणं हे उन्हाच्या दिवशी सर्वांत वाया जाणारं कष्टाचं काम आहे. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश खातो, २ पटीचा दोन स्टॉप, आणि मोठी होते ती मोडलेलीच प्रतिमा. अंतर कमी करा म्हणताना एक गोष्ट कळकळीने सांगतो: पक्ष्याच्या मागे धावून ते कमी होत नाही. तो कुठून उठतो, कोणत्या खांबावर बसतो हे दुरून बघून ठेवा आणि त्याच्या वाटेवर आधी जाऊन गप्प बसा. घरट्याच्या जवळपास मात्र अजिबात जाऊ नका. पक्षी डोक्यावर ओरडत फिरू लागला की तुम्ही नको तिथे आहात. कॅमेरा बंद करून मागे या. आमिष टाकून किंवा उठवून मिळवलेली फ्रेम कितीही शार्प असली तरी ती मला नको.

वातानुकूलित गाडीतून काढलेली लेन्स लगेच वापरली तरी असाच दोष येतो. बाहेरच्या हवेशी तिचं तापमान जुळायला वेळ द्या. गाडीच्या खिडकीतून काढत असाल तर इंजिन बंद करा आणि सगळ्या काचा खाली घ्या. आतली आणि बाहेरची हवा खिडकीतच मिसळत असते.

काळं पोट, आणि त्यातून येणारा मऊपणा

काही फोटोंत ठिपका ठीक असतो, पण पक्षी मेणाचा केल्यासारखा दिसतो. याचं मूळ बहुतेकदा एक्स्पोजरमध्ये सापडतं. पांढरट आभाळ मागे असलं की कॅमेरा आभाळ मोजतो आणि पक्षी काळा करतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये दोन स्टॉप उजळवला की सावलीतला नॉइज वर येतो, तो घालवताना पिसांच्या रेषाही पुसल्या जातात. आयएसओ मुद्दाम कमी ठेवून मागाहून उजळवल्याने नॉइज कमी होत नाही.

मॅन्युअल एक्स्पोजर हा माझा आग्रह आहे. पक्षी आभाळातून डोंगरासमोर, डोंगरासमोरून झाडीसमोर जातो. पार्श्वभूमी दर सेकंदाला बदलते, पक्ष्यावर पडणारं ऊन बदलत नाही. मग मोजमाप तरी का बदलावं? स्वच्छ कडक उन्हात एफ ८, १/३२००, आयएसओ ८०० ही उन्हातल्या पाठीसाठी चांगली सुरुवात आहे. पंखाखालची बाजू दिसत असेल तर एक ते दीड स्टॉप वाढवा. ढग ये-जा करत असतील तर शटर आणि अॅपर्चर हाताने ठेवून आयएसओ ऑटो करा आणि पांढऱ्या आभाळासमोर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या मोजमापात हाताने केलेली वाढ-घट) अधिक एक ते दीड द्या. ब्राह्मणी घारीला मात्र उलटी काळजी घ्यावी लागते. तिचं डोकं आणि छाती पांढरीशुभ्र, ती जळली की परत येत नाही, म्हणून तिथे हिस्टोग्रामचं (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाचं) उजवं टोक बघून एक्स्पोजर ठेवा.

जागा निवडताना ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी घ्या. शिकारी पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उठतात, उतरतात आणि हवेत थांबतात, त्यामुळे वारा तुमच्या पाठीशी असेल तर त्यांचं तोंड तुमच्याकडे राहतं. खाली वाळू, सुकलेलं फिकट गवत किंवा पाणी असेल तर तिथून परतणारा प्रकाश पंखाखाली शिरतो आणि तिथली पिसं उजळतात. सॉफ्टवेअरमध्ये कितीही सावल्या उचलल्या तरी त्या उजेडाची सर येत नाही.

पंख विचित्र वाकलेले, रबरासारखे दिसत असतील तर शटरचा प्रकार बघा. मंद गतीने वाचल्या जाणाऱ्या सेन्सरवर इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की वरच्या ओळी आधी आणि खालच्या नंतर टिपल्या जातात, तेवढ्यात पंख हललेला असतो. भराभर वाचल्या जाणाऱ्या स्टॅक्ड सेन्सरवर हा त्रास फारसा जाणवत नाही, आणि ग्लोबल शटरचा (सगळ्या ओळी एकाच वेळी टिपणारा) सोनी ए ९ थ्री २०२३ मध्ये जाहीर झाला त्यात तर तो उरलाच नाही. इतर कॅमेऱ्यांवर मेकॅनिकल शटर लावा.

संगणकावर

चकती, रेघ आणि हवेच्या लाटा यांना इथे औषध नाही, म्हणून छाटणी आधी. प्रत्येक बर्स्टमधून ठिपका बघून एक-दोन फ्रेम ठेवा. डोकं तुमच्याकडे किंचित वळलेलं, पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असलेली फ्रेम निवडा. आडवा सपाट पंख पक्ष्याला काठीसारखा करतो.

नॉइज सगळ्यात आधी काढा, तोही रॉ फाइलवर. लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं एआय डीनॉइज किंवा तत्सम कोणतंही साधन चालेल, पण जोर पूर्ण देऊ नका. पन्नासच्या आसपास थांबा आणि मानेची पिसं बघा. तिथे रेषांऐवजी गुळगुळीत ठिगळं दिसू लागली की जास्त झालं. मग पक्ष्याचा मास्क करा, म्हणजे फक्त पक्ष्याचा भाग वेगळा निवडा. पार्श्वभूमीचा नॉइज हवा तेवढा काढा, तिथे गमावण्यासारखं काही नसतं. पक्ष्यावर मात्र हात राखून.

शार्पनिंग फक्त पक्ष्यावर, त्रिज्या ०.६ ते १. लाइटरूममध्ये मास्किंगची पट्टी ऑल्ट दाबून सरकवली की कुठे शार्पनिंग लागतंय ते काळ्या-पांढऱ्यात दिसतं. आभाळ पूर्ण काळं होईपर्यंत न्या. पंखाच्या कडेने पांढरी किनार उमटली असेल तर ती बहुधा क्लॅरिटी, डीहेझ किंवा सावल्या उचलण्याच्या अतिरेकाने आलेली असते. त्या पट्ट्या शून्यावर आणा आणि एकेक करून परत वाढवा, कोणती किनार आणते ते लगेच कळेल. किनार जांभळी किंवा हिरवी असेल तर ती लेन्सची आहे. सॉफ्टवेअरमधल्या डीफ्रिंज या पट्टीने जाते. पंखाखालच्या सावलीत निळसर झाक असते, ती संपूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स हलवून काढू नका, तेवढ्याच भागावर थोडी ऊब द्या.

एआय शार्पनिंगबाबत जपून. किंचित हुकलेला फोकस ते सावरतं, पण जास्त हुकलेल्या जागी स्वतःच्या कल्पनेने पिसं काढतं. छातीवरच्या रेघा आणि शेपटीवरचे पट्टे यांवरूनच तर आपण शिकारी पक्षी ओळखतो. तिथे खोटी रेघ आली तर फोटो देखणा होतो आणि नोंद म्हणून निकामी. वापरायचंच असेल तर मूळ फाइल शेजारी उघडी ठेवून पट्टे मोजून बघा.

शेवटचं शार्पनिंग फोटो लहान केल्यानंतर करा. मोठ्या फाइलवर चढवलेली धार २०४८ पिक्सेलवर आणताना पुसली जाते, आणि मग सगळं बरोबर करूनही पाठवलेला फोटो सॉफ्ट दिसतो. एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी (पडद्यांसाठीची नेहमीची रंगप्रणाली) निवडा आणि पडद्यासाठीचं आउटपुट शार्पनिंग चालू ठेवा.

हे सगळं करूनही ठिपका चकतीच राहत असेल, तर ट्रायपॉडवरचं तेच स्थिर लक्ष्य आळीपाळीने चौकटीच्या डाव्या, उजव्या, वरच्या आणि खालच्या बाजूला ठेवून, प्रत्येक ठिकाणी नव्याने फोकस करून फोटो काढा. एकच बाजू सतत मऊ येत असेल तर लेन्समधलं एखादं भिंग सरकलेलं आहे. ते घरी दुरुस्त होत नाही. लेन्स सर्व्हिस सेंटरला द्या आणि सोबत या चार फ्रेमच्या रॉ फाइल द्या. उडत्या घारीचे फोटो देऊ नका, त्यावरून त्यांना काहीच ठरवता येणार नाही.